‘बरं हाये जी’ : देशोदेशीच्या वापर-चाचण्या आणि उत्तर देणारा माणूस

मी कळंबचा. धाराशिव जिल्ह्यातलं कळंब नव्हे. यवतमाळहून नागपूरकडे निघालात की वाटेत लागतं ते, चिंतामणीचं कळंब. हे आधी सांगून टाकतो, कारण एकदा माझं पुस्तकांचं पार्सल महिनाभर त्या दुसऱ्या कळंबचा पाहुणचार घेऊन आलं होतं.

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, ‘युजेबिलिटी टेस्टिंग’वर बोलतो. फोनवर थोडा वेळ शांतता होती. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसानं मोबाइलच्या ॲपवर कशाला बोलावं, असं त्यांना वाटलं असेल. कारण असं की या चाचणीत मी स्वतः एक चूक केली आहे. माझ्याच घराच्या ओसरीवर केली. ती नक्की कसली चूक होती हे समजून घ्यायला मला पुष्कळ वाचावं लागलं, आणि वाचता वाचता लक्षात आलं की हा प्रश्न आपल्याच घरचा आहे, प्रमाणशास्त्राचा आहे. दुसऱ्याच्या शब्दावरून आपल्याला ज्ञान कधी होतं, आणि ज्ञान झाल्यासारखं नुसतं वाटतं कधी?

आधी चाचणी म्हणजे काय ते थोडक्यात. एखादं ॲप किंवा यंत्र बाजारात आणण्याआधी ते काही माणसांच्या हातात देतात. ‘हे काम करून दाखवा’ असं सांगतात. माणूस कुठे अडतो, किती वेळ लावतो, काय चुकतो हे टिपून घेतात आणि शेवटी ‘कसं वाटलं?’ विचारतात. ॲप अनेक देशांत विकायचं असेल तर हीच चाचणी अनेक देशांत करतात आणि निकाल एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडतात. अमुक देशात सोपं वाटलं, तमुक देशात अवघड. माझं आजचं भांडण त्या तक्त्याशी आहे, आणि त्यातही देशाच्या नावाच्या रकान्याशी.

आता ओसरीवरची गोष्ट.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी पुण्यात एका कंपनीत आहे. कंपनीचं नाव मी सांगणार नाही, त्यात तिचा काही दोष नाही. फवारणीचं औषध किती घ्यायचं, किती पाण्यात, कधी मारायचं, हे सांगणारं ॲप ते करत होते. चाचणी तीन देशांत व्हायची होती. आमच्याकडे ती आली तेव्हा कापसाची वेचणी चालू होती. बरोबर एक परदेशी सहकारी, उंच, अतिशय सभ्य माणूस. मुलगी पुण्यात वाढलेली, तिला वऱ्हाडी पुरती कळेना. त्यामुळे दुभाषा मी.

माझ्या वावराला लागून ज्यांचं वावर आहे ते गृहस्थ पहिले बसले. वय साठीचं, पऱ्हाटीत आयुष्य गेलेलं. त्यांनी फोन हातभर लांब धरला. अंगठा पडद्यावर ठेवला तो ठेवलाच, त्यामुळे भलतंच काही उघडलं. ते बंद कसं करायचं ते कळेना. मुलीनं हळूच मदत केली. शेवटी मी विचारलं, कसं वाटलं? ते म्हणाले, ‘‘बरं हाये जी.’’ मी इंग्रजीत सांगितलं, ते म्हणतात चांगलं आहे. परदेशी माणसानं हसून मान हलवली आणि लिहून घेतलं.

‘बरं’ म्हणजे ‘चांगलं’ नव्हे, हे मला कळत नव्हतं का? चाळीस वर्षं शब्दांचे अर्थ शिकवून पोट भरलं मी! पण पाहुण्यांसमोर, आपल्या ओसरीवर, आपल्या शेजाऱ्याच्या वतीनं, ‘ठीक, चालायचंच’ असं कोण भाषांतर करतो?

पाहुणे गेल्यावर ते गृहस्थ थांबले, चहा घेतला आणि म्हणाले, ‘‘सर, पोरगी कोनाची होय?’’ मी सांगितलं. म्हणाले, ‘‘त्या गोऱ्या सायबानं तिची परीक्षा घेतली नं? मी म्हनलं, पोरगी आपल्याकडची हाये, आपल्यापायी नापास कायले व्हावं?’’

म्हणजे बघा. मुलगी समजत होती की परीक्षा ॲपची चालली आहे. साहेबांनाही तेच वाटत होतं. ज्यांना विचारलं ते समजत होते की परीक्षा मुलीची आहे. त्यांचं उत्तर खोटं नव्हतं, भित्रेपणाचं नव्हतं, अडाणीपणाचं तर मुळीच नव्हतं. ते शिफारसपत्र होतं. आपण ते प्रगतिपुस्तक म्हणून वाचलं.

आणि ॲप कशाचं होतं? फवारणीचं. २०१७ सालचा खरिपाचा हंगाम आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. त्या दुर्घटनेची कारणं अनेक होती आणि त्यांत मी आज शिरत नाही. पण औषधाच्या डब्यावर जो रंगीत त्रिकोण असतो तो आठवा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. हे ज्याला कुणी सांगितलं नाही तो हिरव्याचा अर्थ काय लावेल? मी गावात चार-पाच जणांना विचारलं. एकानं सांगितलं, हिरवं म्हणजे पीक हिरवंगार ठेवणारं. तेव्हा या विषयात ‘वापरायला सोपं की अवघड’ ही चैनीची चर्चा नाही.

आता शास्त्राकडे येतो. या क्षेत्रात एक प्रसिद्ध समजूत आहे की पाच माणसं पुरेत. याकोब नील्सन आणि टॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये गणित मांडलं. एका माणसाकडून एखादी अडचण उघड होण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरली, तर पाच माणसांत सुमारे ८४-८५ टक्के अडचणी सापडतात. हिशेब बरोबर आहे, घरी करून बघा : ०.६९ ला स्वतःनेच पाच वेळा गुणा, सुमारे ०.१६ उरतं, म्हणजे न सापडलेलं सोळा टक्के. पण तो ३१ चा आकडा १० केला तर पाच माणसांत फक्त ४१ टक्के सापडतात. आणि मुळात हा आकडा एकच आहे, सगळ्यांना सारखा आहे, असं धरायचं कशावरून? लॉरा फॉकनर यांनी २००३ मध्ये साठ जणांची चाचणी घेऊन त्यांतून पाच-पाचांचे गट काढून पाहिले. सरासरी ८५ च्या आसपासच आली. पण एखाद्या गटाला जवळजवळ सगळ्या अडचणी सापडल्या, तर एखाद्याला फक्त ५५ टक्के. आपल्या पदरात कुठले पाच पडलेत हे चाचणी घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

आमच्याकडचं उदाहरण घ्या. त्या ॲपमध्ये औषधाचं प्रमाण ‘प्रति हेक्टर’ होतं. आमच्याकडे वावर मोजतात एकरात, पाणी मोजतात पंपात, म्हणजे पाठीवरच्या फवाऱ्यात, आणि औषध मोजतात बाटलीच्या झाकणानं. मी पाच बी.एस्सी. झालेली पोरं बसवली तर हेक्टरची अडचण एकदाही दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी आणखी पाच तशीच पोरं बसवा, पुन्हा दिसणार नाही. महिन्यानं पुन्हा करा, तेच. निकाल अगदी पक्का!

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण मुख्य गोम इथे आहे. बी.एड. केलेल्यांना विश्वसनीयता आणि सप्रमाणता हे दोन शब्द पाठ असतात. विश्वसनीयता म्हणजे पुन्हा मोजलं तर तेच माप येणं. सप्रमाणता म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जाणं. बहुतेक लेखांत म्हटलेलं असतं की निरनिराळ्या देशांतली माणसं वेगवेगळी असल्यामुळे चाचणीची विश्वसनीयता कमी होते. मला हे अर्धंच पटतं. ओसरीवर त्या दिवशी पाच जण बसले. शेजारचे गृहस्थ, बचत गटातल्या एक बाई, एक पदवीधर मुलगा, पोडावरचे एक कोलाम मजूर आणि मंदिराजवळ दुकान असलेले एक जण. पाचही जण चांगलं म्हणाले. कुणी ‘बरं’, कुणी ‘मस्त’, कोलाम गृहस्थांनी नुसती मान हलवली. आकडेशास्त्रानं पाहिलं तर एकमत, अतिशय विश्वसनीय. सौजन्यामुळे माणसा-माणसातला फरक पुसला जातो, त्यामुळे उत्तरं एकसारखी येतात, आणि एकसारखी येतात म्हणून पक्की वाटतात. दहा मिनिटं मागे असलेलं घड्याळ रोज दहा मिनिटंच मागे असतं. त्याला बेभरवशाचं कसं म्हणणार?

म्हणजे माणसांतल्या फरकानं निकाल डळमळीत होतो ही एक भीती. तो फरक झाकला जाऊन निकाल भक्कम दिसतो ही दुसरी. मला दुसरीची भीती जास्त वाटते, कारण पहिलीत निदान काहीतरी बिघडलंय हे दिसतं तरी.

माझ्या चुकीला ज्या अभ्यासानं नाव दिलं तो बंगळूरचा आहे. निकोला डेल, विद्या वैद्यनाथन, इंद्राणी मेढी, एडवर्ड कट्रेल आणि विल्यम थीज यांनी तो २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. साडेचारशे मुलाखती. माणसं म्हणजे रिक्षाचालक आणि विद्यार्थी. दोन गोष्टी दाखवायच्या, दोन्ही अगदी सारख्या, पण त्यांतली एक मुलाखत घेणाऱ्यानं स्वतः बनवली आहे असं समोरच्याला वाटू द्यायचं. मग विचारायचं, कुठली आवडली? मुलाखत घेणाऱ्याची वस्तू आवडण्याचं प्रमाण सुमारे अडीच पट निघालं. आणि मुलाखत घेणारा परदेशी असून मध्ये दुभाषा असला की पाच पट. त्याची वस्तू मुद्दाम, उघड दिसेल इतकी वाईट केली, तरी लोकांनी तीच पसंत केली.

वाचून मी पुस्तक मिटतो तसा लॅपटॉप मिटला. पाच पटीतला तो दुभाषा मीच की!

हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो, पण त्यावर माझ्या दोन तक्रारी आहेत. पहिली, परदेशी माणूस आणि दुभाषा हे दोघे त्यात एकदमच येतात. मग पाच पटीतला किती भाग गोऱ्या रंगाचा आणि किती माझ्यासारख्या मध्ये बसलेल्या भल्या माणसाचा, हे सुटं करता येत नाही. वेगळा उपाय करायचा तर हे सुटं व्हायला हवं. परदेशी माणूस घरी ठेवता येतो. दुभाषा मात्र गावोगाव लागणारच. दुसरी तक्रार अभ्यासकांवर नाही, तो वापरणाऱ्यांवर आहे. ‘अडीच पट फुगतं ना, मग अडीचनं भागा’ असा विचार कुणाच्याही मनात येईल. तो करू नये. ते माप बंगळूरचं, त्या माणसांचं, त्या वेळचं. त्यानं भागून कळंबचं खरं उत्तर निघणार नाही, कारण कळंबला त्या दिवशी प्रश्नच वेगळा ऐकू गेला होता.

आता ‘संस्कृती’ या शब्दाकडे येऊ. असे निकाल आले की सोपं स्पष्टीकरण तयार असतं : भारतीय लोक नम्र असतात, तोंडावर वाईट बोलत नाहीत. परदेशी अभ्यासक हे लिहितात आणि आपणही ते थोडं खुश होऊन वाचतो. डेन्मार्क, भारत आणि चीन या तीन देशांतल्या चाचण्यांवर टॉर्किल क्लेमेन्सन, गुवाहाटी आयआयटीचे प्रदीप यम्मियावर आणि इतरांनी बरंच काम केलं आहे. २००९ च्या त्यांच्या एका निबंधात रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञाच्या विचाराचा आधार आहे : पाश्चात्त्य माणूस वस्तू सुटी करून बघतो, पूर्वेकडचा तिच्या भोवतालासकट बघतो. त्यामुळे ‘मनात येईल ते मोठ्यानं बोलत काम करा’ ही चाचणीची ठरलेली पद्धत सगळीकडे सारखी चालत नाही, असं ते दाखवतात. इशारा रास्त आहे. त्यातही चाचणी घेणारा आणि देणारा यांच्या नात्याचा मुद्दा त्यांनी स्वतंत्रपणे मांडला, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पण पूर्व-पश्चिम अशी विभागणी केली की मला आमची ओसरी दिसते. बी.एस्सी. झालेला मुलगा आणि कोलाम मजूर, दोघं त्याच पूर्वेतले. एकाची मातृभाषा वऱ्हाडी, दुसऱ्याची कोलामी. तक्त्यात दोघं ‘भारत’.

न्यायशास्त्रात ‘उपाधी’ नावाची एक फार कामाची कल्पना आहे. धूर दिसला की विस्तव आहे असं म्हणता येतं. पण उलट, विस्तव आहे म्हणून धूर असणारच, असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात विस्तव असतो, धूर नसतो. मग चुलीत धूर का होतो? कारण सरपण ओलं असतं. ते ओलं सरपण म्हणजे उपाधी. ती लक्षात घेतली नाही की आपण विस्तवाला धुराचं कारण ठरवून मोकळे होतो. ‘जिथे भारत तिथे होकार’ हे वाक्य त्याच जातीचं. ओलं सरपण शोधलं पाहिजे.

रवी वत्रपू आणि मॅन्युएल पेरेझ-किन्योनेस यांनी २००६ मध्ये अमेरिकेत एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चाचणी देणारे सगळे भारतीय. निम्म्यांची मुलाखत भारतीय माणसानं घेतली, निम्म्यांची अमेरिकन माणसानं. भारतीय मुलाखतकारापुढे लोकांनी जास्त अडचणी सांगितल्या, जास्त सूचना केल्या. देश तोच, संस्कृती तीच, विचारणारा बदलला की उत्तर बदललं. मग नम्रता भारतीय म्हणायची की त्या खुर्चीपुरती? आपल्या घरी, आपल्या बायकोपुढे, पंपाच्या दुकानदारापुढे हेच नम्र लोक काय बोलतात ते तुम्ही ऐकलं असेलच.

दुसरं ओलं सरपण म्हणजे शाळा. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया १९३१ आणि १९३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेला. तो लोकांना सांगे, उत्तरेकडे बर्फाच्या प्रदेशात सगळी अस्वलं पांढरी असतात; अमुक बेट उत्तरेत आहे; तिथली अस्वलं कुठल्या रंगाची? शाळेत न गेलेले शेतकरी म्हणत, आम्ही तिथे गेलो नाही, जो गेला असेल त्याला विचारा. पाठ्यपुस्तकांत हे तर्कशक्तीच्या अभावाचं उदाहरण म्हणून येतं. मला ते प्रमाणशास्त्राचं उत्तम उदाहरण वाटतं. शब्द प्रमाण मानायचा तर सांगणारा आप्त हवा. लुरिया त्यांचा आप्त नव्हता! आणि थोडीशी शाळा शिकलेली, सामूहिक शेतीवर काम केलेली माणसं त्याच देशात, त्याच भागात, हवं ते उत्तर देत होती. ‘विचारणाऱ्यानं दिलेलं खरं धरा आणि त्यातच उत्तर शोधा’ हा शाळेचा नियम आहे, आणि तो ज्यानं कधी खेळला नाही त्याला चाचणी म्हणजे काय हे आधी कळायला हवं.

याहून मजेदार गोष्ट लायबेरियाची. जोसेफ ग्लिक हा अभ्यासक क्पेल्ले जमातीच्या लोकांना वस्तूंचे गट करायला सांगत होता. अपेक्षा अशी की खाण्याच्या वस्तू एकीकडे, हत्यारं एकीकडे. लोक सुरीशेजारी बटाटा ठेवत, कारण सुरीनं बटाटा कापतात. शहाणा माणूस असंच करतो, असंही सांगत. कंटाळून त्यानं विचारलं, बरं, मूर्ख माणूस कसं करेल? लगेच त्यांनी खाणं एकीकडे, हत्यारं एकीकडे असे नीटनेटके गट करून दाखवले.

(हशा)

हसू येतं खरं. पण ग्लिकनं तो शेवटचा प्रश्न विचारलाच नसता तर? त्याच्या वहीत काय लिहिलं गेलं असतं? आमच्या ओसरीवर तो शेवटचा प्रश्न कुणी विचारला नाही. उत्तर मला चहाबरोबर फुकट मिळालं, आणि तेही पाहुणे गेल्यावर.

प्रश्नावलीबद्दल दोनच वाक्यं बोलतो. जॉन ब्रुकची दहा वाक्यांची एक प्रश्नावली १९८६ पासून जगभर वापरतात. वाक्य वाचायचं आणि किती सहमत ते एक ते पाचमध्ये सांगायचं. त्यातला ‘कटकटीचं’ अशा अर्थाचा एक इंग्रजी शब्द मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांना कळत नाही, हे क्राइग फिन्स्टॅड यांनी २००६ मध्ये दाखवलं आणि सोपा शब्द सुचवला. पण शब्द बदलून काम भागतं का? ‘मी पूर्णतः सहमत आहे’ असं आमच्याकडे ठरावावर सही करताना म्हणतात. वाणसामान कसं आहे विचारल्यावर कुणी सहमत होत नाही.

मुंबईच्या अपाला लाहिरी चव्हाण यांनी या होकारावर एक युक्ती काढली, तिला ‘बॉलिवूड पद्धत’ म्हणतात. माणसाला नाट्यमय प्रसंग द्यायचा : तुमच्या भाचीचं लग्न ज्याच्याशी ठरलंय तो भाडोत्री मारेकरी निघाला, तुम्हाला आत्ताच्या आत्ता तिकीट काढून तिथे पोचायचंय. मग माणूस चाचणी विसरतो आणि संकेतस्थळाला मनसोक्त शिव्या घालतो. मला ही युक्ती आवडते. त्यांनी भिडेचं मूळ ओळखलं : माणूस पाहुण्याशी बोलत असतो तोवर भीड असते, संकटाशी झगडू लागला की नसते. पण फवारणीच्या ॲपसाठी मला ती वापरवणार नाही. आमच्याकडे त्या संकटाचं नाटक करायची गरज नाही, आणि करूही नये.

मुंबई आयआयटीत अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ हा कळफलक केला. व्यंजनावर बोट ठेवलं की त्याच्या बाराखडीचं चक्र उमलतं. मराठी टंकलेखनाच्या वेगवेगळ्या कळफलकांची तुलना त्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात त्याच माणसांकडून दीर्घकाळ, पुन्हा पुन्हा टंकलेखन करून घेतलं होतं. मला यात मोठं शहाणपण दिसतं. ज्याच्या हातात यंत्र आज पहिल्यांदा आलं आणि ज्याच्या हातात ते दहा वर्षं आहे, त्या दोघांची पहिल्या दिवशी तुलना करून यंत्राबद्दल काय कळणार? सवयीतला फरक तेवढा कळेल. परदेशातला शेतकरी आणि कळंबचा शेतकरी यांना त्याच अर्ध्या तासात बसवलं तर नेमकं हेच होतं, आणि तक्त्यात मात्र ते देशाच्या नावावर चढतं.

त्या मुलीला मी हे सगळं एका लांब पत्रात लिहिलं. शेजाऱ्याचा ‘बरं’ मी चुकीचा सांगितला हेही लिहिलं, जरा जड हातानं. पुढच्या हंगामात ती आली ती एकटी. या वेळी मी दुभाषा व्हायला नकार दिला आणि एक सूचना केली : काकांना ‘कसं वाटलं’ विचारू नकोस. त्यांना सांग, ‘हे काकूंना शिकवा, एका पंपाला किती औषध टाकायचं ते त्यांच्याकडून काढून घ्या, मी फक्त बघते.’ शिकवणारा झाला की माणूस परीक्षार्थी राहत नाही, शिफारस करणारा पाहुणाही राहत नाही.

आम्ही त्यांच्याच घरी गेलो. काकूंनी फोन हातात घेतला, काका शेजारी खाटेवर. पहिली दोन मिनिटं काका मोठ्या रुबाबात सांगत होते. मग काकू म्हणाल्या, ‘‘हे हेक्टर कायचं होय? आपन त एकरानं मोजतो.’’ काका गप्प. पुन्हा पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, ‘‘मले तवाबी नव्हतं समजलं.’’ त्यानंतर अर्धा तास दोघं त्या ॲपशी आणि एकमेकांशी भांडत होते. झाकण किती मिलिलिटरचं यावरून भांडण झालं, काकूंनी घरातून दोन वेगळ्या बाटल्यांची झाकणं आणून दाखवली, दोन्हीत वेगळं माप बसत होतं. मुलगी लिहीत होती, तिची वही पुरेना.

जाताना मी तिला विचारलं, हे सगळं तक्त्यात कुठे बसवणार? ती म्हणाली, ‘‘सर, साचा बदलायचा अधिकार मला नाही. वरचा रकाना देशाचाच आहे. पण शेऱ्यासाठी जागा आहे, तिथे हेक्टर आणि झाकणं लिहिते.’’

वेळ झाली आहे असं संयोजक खुणावतायत. प्रश्न असतील तर घेऊ. जे ऑनलाइन ऐकत आहेत त्यांनीही विचारा. आणि एक विनंती, व्याख्यान कसं वाटलं ते आधी सांगू नका.